दगडात अडलेलं तेल आणि दाट पाणी

तेलक्षेत्र म्हटलं की जमिनीखाली काळ्या तेलाचं तळं आहे आणि वरून नळी सोडून आपण ते उपसतो, असं चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. खाली तळं नसतं, दगड असतो. वाळूचे कण लाखो वर्षं दाबाखाली राहून एकमेकांना चिकटलेले आणि कणांमधल्या काही मायक्रॉनच्या फटींत तेल अडकलेलं. अशा दगडाचे इंच-दीड इंच जाडीचे गोल तुकडे मी नोकरीतली बरीच वर्षं हाताळले. आमच्या भाषेत कोअर प्लग. धुऊन, वाळवून हातात घेतला तर साधा भुरकट दगड. वर पाण्याचा थेंब सोडला की पाहता पाहता आत जिरतो. यातून तेल बाहेर काढायचं तर दगडाची समजूत घालावी लागते.

ती समजूत माणसाला अजून नीट जमलेली नाही. जगातल्या तेलक्षेत्रांची सरासरी काढली तर सापडलेल्या तेलापैकी साधारण एकतृतीयांशच वर येतं. उरलेल्या तेलाची जागा माहीत असते, खोली माहीत असते, तिथपर्यंत विहिरी खणून झालेल्या असतात, आणि तरी ते तिथंच राहतं. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून विकत आणतो. अशा देशानं हाताशी आलेलं तेल दगडात सोडून द्यावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मी अंबरनाथची. एमआयडीसीच्या वासात वाढले, रसायनशास्त्र शिकले, त्यात पॉलिमर हा विषय घेतला. नातेवाइकांना 'ती तेलाच्या लाइनमध्ये आहे' एवढंच माहीत. प्रत्यक्षात माझा दिवस पाण्यात जायचा. पाणी किती खारं आहे, त्यात लोह किती, प्राणवायू किती उरलाय, आणि त्यात आमची पांढरी पूड विरघळवली की ते किती दाट होतंय.

पाण्याचा संबंध असा येतो. नवी विहीर सुरुवातीला जमिनीतल्या दाबानंच वाहते. दाब सरला की काही विहिरींतून पाणी खाली दाबतात. ते तेलाला ढकलत शेजारच्या उत्पादन विहिरीकडे नेतं. ही युक्ती अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात अपघातानं सापडली. सोडून दिलेल्या विहिरींतून वरच्या थरांतलं पाणी तेलाच्या थरात शिरलं आणि आसपासच्या विहिरींचं तेल वाढलं. जॉन कार्ल या भूवैज्ञानिकानं 1880 मध्येच पाण्याचा असा उपयोग होऊ शकतो हे लिहून ठेवलं होतं, पण कायद्यानं त्याला परवानगी मिळायला तिथं 1921 उजाडलं. आज जगभर हीच पद्धत चालते.

पण पाणी सोपी वाट धरतं. तेल जाड आणि पाणी पातळ असलं की पाणी तेलाला एकसंध रेषेत ढकलत नाही, त्यात बोटं घालत पुढे पळतं. एक बोट जरा पुढे गेलं की त्या वाटेवरचा अडथळा कमी होतो, म्हणून मागचं पाणीही तिकडेच वळतं आणि बोट आणखी लांबतं. फिलिप सॅफमन आणि जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये दोन सपाट पट्ट्यांमधल्या बारीक फटीत हे करून दाखवलं आणि गणितात बसवलं. त्यात दगडाचे थरही सारखे नसतात. एखादा मोकळा थर सगळं पाणी गिळतो आणि वरचा घट्ट थर तेलासकट तसाच राहतो. मग एक दिवस उत्पादन विहिरीतून तेच पाणी वर यायला लागतं. जुन्या क्षेत्रात शंभर बॅरल द्रव वर आला तर त्यात नव्वदहून अधिक पाणी, हे नेहमीचं झालंय. एवढं पाणी उचलायचं, वेगळं करायचं, साफ करायचं आणि परत खाली दाबायचं. सगळी वीज त्यातच जाते.

यावर उपाय दोनच. तेल पातळ करा, नाहीतर पाणी दाट करा. वाफ सोडून तेल पातळ करणारे वेगळे लोक आहेत. मी दुसऱ्या वाटेची.

ही वाट 1964 मध्ये नीट आखली गेली. डी. जे. पाय आणि बी. बी. सँडिफोर्ड या दोन अमेरिकी संशोधकांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवलं, की पाण्यात अगदी थोडं पॉलिमर मिसळलं तरी दगडातून सरकताना ते पाणी आपला वेग आवरतं, बोटं कमी काढतं आणि एरवी ज्या भागाला शिवलंही नसतं तिथं शिरतं.

त्यासाठी लागणारा पदार्थ आजही मुख्यतः तोच आहे: अंशतः हायड्रोलाइज्ड पॉलिॲक्रिलअमाइड. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, आम्ही 'एचपॅम' म्हणायचो. पोत्यातून येणारी पांढरी, दाणेदार पूड. तिचा एक रेणू म्हणजे दोन-अडीच लाख दुव्यांची साखळी. ती ताणून सरळ केली तर सुमारे 60 मायक्रॉन भरेल, म्हणजे माणसाच्या केसाची जाडी. एका रेणूची लांबी केसाच्या जाडीएवढी! हे गणित मी प्रथम मांडलं तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं होतं. साखळीतल्या दर तीन-चार दुव्यांपैकी एकावर ऋण विद्युतभार असतो. हे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे साखळी गुंडाळून न बसता फुलते आणि आजूबाजूचं पुष्कळसं पाणी अडवून धरते. म्हणून लिटरभर पाण्याला एक-दोन ग्रॅम पूड पुरते आणि पाणी दहा-वीस पट दाट होतं.

पूड विरघळवणं मात्र जिकिरीचं. पिठलं करताना बेसन एकदम उकळत्या पाण्यात ओतलं तर गुठळ्या होतात, बाहेरून चिकट आणि आत कोरडं पीठ. इथंही नेमकं तेच होतं. त्या पारदर्शक गुठळ्यांना आम्ही फिश-आय म्हणतो. प्रयोगशाळेत चुंबकी ढवळणीवर पाण्याला भोवरा द्यायचा आणि त्या भोवऱ्याच्या उतारावर पूड चिमटीनं, अगदी सावकाश भुरभुरायची. सगळी पूड पडली की वेग कमी करायचा आणि रात्रभर ढवळत ठेवायचं. घाई करून वेगात ढवळलं तर साखळ्याच तुटतात. प्रकल्पावर हेच काम यंत्रं करतात. आधी घट्ट मूळ द्रावण, मग टाकीत तासभर किंवा अधिक मुरवण, मग पातळ करून विहिरीकडे. पूड जमिनीवर सांडली तर आधी झाडू, मग पाणी, हे आम्ही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगायचो. ओल्या पॉलिमरवर पाय पडला की माणूस सावरत नाही, सरळ आपटतो.

द्रावण तयार झालं की ते बारीक छिद्रांच्या गाळणीतून ठरावीक दाबानं जाऊ द्यायचं. पहिल्या शंभर मिलिलिटरला जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढाच शेवटच्या शंभराला लागला, तर द्रावण स्वच्छ. वेळ वाढत गेला तर गुठळ्या आहेत, आणि त्याच गुठळ्या उद्या दगडाची तोंडं बुजवणार. विहीर बुजली की मग कितीही चांगलं पॉलिमर आणा.

मला सर्वांत आवडायची ती पुढची परीक्षा, कोअर फ्लड. दगडाचा तुकडा रबरी नळीत घट्ट बसवून पोलादी नळकांड्यात घालायचा, भट्टीत जमिनीखालचं तापमान द्यायचं. आधी खारं पाणी भरायचं, मग तेल भरून पाणी हाकलायचं, म्हणजे लाखो वर्षांत घडलं ते चार दिवसांत घडवायचं. मग पाणी सोडायचं. पलीकडच्या टोकाला परीक्षानळ्यांची रांग. पहिल्या नळ्यांत काळं तेल, मग तेल आणि पाणी, मग नुसतं पाणी. नळ्यांमागून नळ्या स्वच्छ पाण्याच्या भरू लागल्या की पाण्याचं काम संपलं. आता दाट पाणी सोडायचं. बराच वेळ काहीच घडत नाही, दाबमापकाचा काटा तेवढा चढतो. अंगात संयम नसेल तर हे काम करू नये. आणि मग एखाद्या नळीत तेलाचे ठिपके, पुढच्या नळीत बोटभर तेल, त्याच्या पुढच्या नळीत आणखी. मागं राहिलेलं तेल गोळा होऊन एकत्र सरकत आलेलं असतं. याला ऑइल बँक म्हणतात. हे दृश्य कितीदाही पाहिलं तरी मी भट्टीसमोरून हलायची नाही.

प्रयोगशाळेत जमतं ते जमिनीखाली जमेलच असं नाही, कारण मीठ. खाऱ्या पाण्यातले सोडियमचे कण साखळीवरचे ऋण भार झाकतात, भारांचं लोटणं थांबतं आणि फुललेली साखळी आखडते. तीच पूड, तेवढीच मात्रा, पण दाटपणा निम्म्याहून कमी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याहून वाईट. त्यात तापमान 70 अंशांच्या वर गेलं तर साखळीवर आणखी भार तयार होत जातात आणि कॅल्शियम त्यांना धरून पॉलिमर सरळ तळाशी बसवतं. आपल्या मुंबई हायचं उदाहरण घ्या. 1974 मध्ये समुद्रात विहिरी खणणाऱ्या 'सागर सम्राट'नं तिथं तेल शोधलं. पण तिथला दगड चुनखडीचा, तापमान 100 अंशांहून अधिक, आणि दाबायला भोवताली समुद्राचं पाणी, लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ असलेलं. साधं एचपॅम तिथं टिकणार नाही. शिवाय तिथलं तेल मुळातच पातळ आहे, त्यामुळे पाणी दाट करण्याचा फायदाही कमी. अधिक उष्ण, खाऱ्या जागांसाठी साखळीत सल्फोनेट गट गुंफलेली पॉलिमर निघाली आहेत. ती महाग पडतात.

म्हणून पॉलिमरला जागा निवडून द्यावी लागते. राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यातलं मंगला हे अशा निवडीचं उत्तम उदाहरण. क्षेत्र जानेवारी 2004 मध्ये सापडलं, ऑगस्ट 2009 मध्ये तेल सुरू झालं. दगड मोकळा वालुकाश्म, तापमान 65 अंशांच्या आसपास. तेल मेणयुक्त, एवढं की बाहेर गार होताच थिजतं, म्हणून ते तापवलेल्या नळातून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यावं लागतं. जमिनीखाली त्याचा जाडपणा 9 ते 22 सेंटिपॉइज. त्या उष्णतेत पाण्याचा जाडपणा अर्ध्या सेंटिपॉइजहूनही कमी असतो, म्हणजे तेल पाण्याच्या वीस ते पन्नास पट जाड. अशा ठिकाणी नुसतं पाणी सोडलं तर ते बोटं काढत पळणारच. तिथं हे क्षेत्र म्हातारं व्हायची वाट पाहिली नाही. उत्पादन सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, 2011 मध्ये, पॉलिमरचा प्रायोगिक भाग सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत तो पूर्ण क्षेत्रावर नेला. थरच्या वाळवंटात गोड्या पाण्याचा प्रश्न येतोच; तिथं थुंबलीजवळच्या भूजलस्तरातलं, पिण्याच्या कामाचं नसलेलं खारं पाणी वापरलं. ही गोष्ट मला तेलाइतकीच मोलाची वाटते.

आपल्याकडची सुरुवात त्याआधीची. अहमदाबादजवळच्या साणंद क्षेत्रात ओएनजीसीनं 1985 मध्ये पॉलिमरचा प्रयोग सुरू केला होता. आणि जगात सर्वांत मोठा वापर चीनच्या ईशान्येकडच्या दाचिंग क्षेत्रात झाला. 1959 मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात 1970च्या दशकात प्रयोग झाले आणि 1990च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या प्रमाणावर पॉलिमर वापरायला लागले. तिथला दगड जेमतेम 45 अंश उष्ण आणि पाणी कमी खारं. एचपॅमला याहून चांगलं घर नाही. तिथं पॉलिमर सोडलेल्या भागांतल्या एकूण तेलापैकी आणखी सुमारे दहा टक्के तेल पॉलिमरमुळे वर आलं. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण त्यासाठी नवं क्षेत्र शोधावं लागलं नाही.

पॉलिमरला काय जमत नाही तेही सांगायला हवं. पाणी ज्या फटीतून जाऊन आलं, तिथं दगडाला चिकटून राहिलेले तेलाचे थेंब ते सोडवत नाही. त्यासाठी साबणासारखं काम करणारी रसायनं आणि अल्कली सोबत द्यावी लागतात, आणि ते प्रकरण खर्चिक. पॉलिमर एवढंच करतं, की पाण्याला चुकवलेल्या जागी घेऊन जातं.

आता या धंद्यातली माझी खरी काळजी. पूड कारखान्यातून उत्तम येते, द्रावण टाकीत उत्तम बनतं आणि विहिरीच्या तोंडापर्यंत जाईपर्यंत त्याचं पाणी होतं. कारणं दोन. प्राणवायू आणि लोह एकत्र आले की साखळी कापत सुटतात, म्हणून टाक्यांवर नायट्रोजनचं आवरण ठेवतात आणि नळ गंजणारे नसावेत असं पाहतात. दुसरं म्हणजे अरुंद वाट. पंप, झडप, विहिरीतली छिद्रं, जिथं म्हणून द्रावण जोरात चेपून निघतं तिथं लांब साखळ्या तटातट तुटतात. एका क्षेत्रावर टाकीपाशी दाटपणा भरपूर आणि विहिरीपाशी निम्माही नाही, असं चाललं होतं. कागदोपत्री सगळं ठीक, कारण नमुना टाकीचा तपासला जायचा. तिथला एक जुना ऑपरेटर रोज सकाळी सांगायचा, 'मॅडम, विहिरीवरचं पाणी पातळ आहे.' बोटांत धरून तार येते का पाहायचा. त्याचं म्हणणं कुणी लिहून घेत नव्हतं. नमुना घेताना तोटी उघडली की तिथंच साखळ्या तुटतात, म्हणून आम्ही खास नळकांडं लावून, दाब न सोडता, टाकीपासून विहिरीपर्यंत टप्प्याटप्प्यानं नमुने घेतले. दोन विहिरींचा प्रवाह सारखा ठेवायला मधे एक झडप अर्धवट मिटून ठेवली होती. तिच्या अलीकडे दाट, पलीकडे पातळ. झडप पूर्ण उघडून प्रवाहाचं नियंत्रण लांब वेटोळ्याच्या नळीवर सोपवलं, आणि तीच पूड विहिरीपर्यंत पोचू लागली. त्याआधी किती पोती नुसती खाली ओतली गेली असतील, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

लोक विचारतात, हे विष आहे का? एचपॅमची साखळी स्वतः विषारी नाही. गावोगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांत गाळ बसवायला याच घराण्यातली पॉलिमर वापरतात. ज्या ॲक्रिलअमाइडपासून ती बनते, ते मात्र मज्जासंस्थेला अपायकारक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चांगल्या पुडीत त्याचा अंश अगदी थोडा राहतो आणि तो प्रत्येक मालाच्या तपासणीत पाहिलाच पाहिजे. झँथन गम हा दुसरा पर्याय आहे, कोबीवर रोग पाडणाऱ्या जिवाणूपासून मिळणारा. आइसक्रीम आणि सॉसमध्ये घालतात तोच. तो मिठाला आणि चेपल्या जाण्याला दाद देत नाही, पण जमिनीखालचे जिवाणू तो खाऊन टाकतात.

एचपॅम मात्र सहजासहजी कुजत नाही. काही महिन्यांनी, वर्षांनी ते उत्पादन विहिरींतून तेलाबरोबर वर यायला लागतं. मग तेल आणि पाणी लवकर वेगळे होत नाहीत, तापवणाऱ्या नळ्यांवर थर बसतो, पाणी साफ करणारी जुनी यंत्रणा दमते. हे पाणी ओढ्यात, नदीत सोडणं हा पर्याय असूच शकत नाही. ते साफ करून पुन्हा त्याच दगडात दाबावं, त्यात उरलेलं पॉलिमरही कामी येतं. पण ही यंत्रणा पहिल्या दिवसापासून आराखड्यात हवी. पॉलिमर आधी आणि पाण्याची सोय पुढं बघू, असं म्हणणाऱ्या प्रकल्पाला परवानगी मिळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेलाचे दिवस संपत आलेत, मग जुन्या दगडाच्या मागे कशाला लागायचं, असा प्रश्न माझ्या भाचीनं मला विचारला. प्रश्न योग्य आहे. पण जोवर आपण तेल जाळतोय तोवर ते कुठून तरी येणारच, आणि नवीन जंगल, नवीन समुद्रतळ उकरण्यापेक्षा जिथं विहिरी, रस्ते, नळ आधीच आहेत तिथून ते घेणं मला कमी नुकसानीचं वाटतं.

या क्षेत्रात निर्णय घेणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पॉलिमरची खरेदी किलोच्या भावानं करू नका. त्या क्षेत्राच्याच पाण्यात, तिथल्याच तापमानाला, विहिरीच्या तोंडापाशी काढलेल्या नमुन्यात महिनाभरानंतर किती दाटपणा उरतो, त्यावर भाव ठरवा. आणि जो माणूस रोज सकाळी विहिरीवर उभा राहून पाणी बोटांत धरून पाहतो, त्याचं निरीक्षण वहीत लिहून घ्या.